सासूबाईंचा श्वास

सिस्टर जेरेनं कोपरानं पाठीत ढोसलं तेव्हा चिसांगा दचकला. पाऊण तास झाला, तो खाटेकडं पाठ करून भिंतीच्या सुटलेल्या रंगाकडं बघत उभा होता आणि मागं काय चाललंय ते नुसतं कानांनी घेत होता. कात्रीनं कापड कापल्याचा आवाज आला. कापड त्यानंच शिवलेलं होतं, हे त्याला आवाजावरूनच कळलं, दुहेरी शिवणीशी कात्री अडते तेव्हा जरा कुरकुरते. मग मिसरूडही नीट न फुटलेल्या डॉक्टरचा आवाज, "गेली, नळी गेली आत." मग चिकटपट्टी टराटरा फाडल्याचा. आणि त्यानंतर हा एक नवाच आवाज सुरू झालेला: फुस्स, मग जराशी शांतता, मग परत फुस्स. "वळ इकडं आणि हा नळीचा फुगा धर," सिस्टर म्हणाली. "चार आकडे मोजायचे आणि दाबायचा. सोडायचा. परत चार. माझी अजून अठ्ठावीस माणसं खोळंबलीत."

"मी नाही," चिसांगा भिंतीला म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसरं कोण आहे? तुझ्याशिवाय हिच्याबरोबर कोण आलंय?"

"शेजारीण आली होती. तिची पोरं शाळेतून यायची होती म्हणून ती गेली." मग त्याला ते सांगावंच लागलं. "मी जावई आहे."

शेजारच्या खाटेवर दोन बायका उलटसुलट झोपवलेल्या होत्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी, आणि त्या खाटेखाली एक म्हातारा कोट अंथरून बसला होता. कान्यांता त्याचं नाव. वरच्या दोघींपैकी साखर वाढलेली ती त्याची बायको. तो खालून म्हणाला, "खरंय त्याचं, सिस्टर. जावयानं सासूच्या तोंडाकडं बघायचं नसतं. घरात घेतलेलं नसेल त्याला अजून. घेतलंय का रे?"

"नाही."

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"नऊ."

"नऊ," म्हातारा म्हणाला आणि अंगाखालचा कोट सारखा करू लागला. ते चिसांगाला सिस्टरच्या ढोसण्यापेक्षा जास्त लागलं.

सिस्टर जेरे हसली. हात मात्र तिचे थांबले नाहीत, फुस्स, फुस्स. "तुम्ही बेम्बा लोक मरतानासुद्धा लाजणार. माकडं खाऊन खाऊन अक्कलही तसलीच झालीय."

"आणि तुम्ही न्गोनी उंदीर खाता. शेपटीसकट," खाटेखालून ताबडतोब उत्तर आलं. बायको वर ग्लानीत पडलेली, तरी म्हाताऱ्यानं हे देणं चुकवलं नाही. या दोन जमातींच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून नातवंडांनी जन्मभर एकमेकांची टिंगल करायची, हा तिथला कायदा. आणि ज्याला टिंगलीचा हक्क, त्यालाच मयत उचलायचाही हक्क.

"बरोबर बोललात आजोबा, मी न्गोनी आहे," सिस्टर म्हणाली. "म्हणून मला यांच्यावर हसायचा हक्क आहे आणि यांची माती करायचाही हक्क आहे. आज हिची करायची का नाही, तेवढं या जावईबापूंनी सांगावं. मी फुगा सोडतेय."

आणि तिनं खरंच सोडला. फुस्स झालं नाही. चिसांगाच्या डोक्यात चार आकडे झाले, पाच झाले, सहा झाले, आणि सातव्याला त्याचे हात मागं गेले, चाचपडत गेले. मान भिंतीकडं आणि हात मागं, कुणी बघितलं असतं तर चोरीच वाटली असती. रबर ऊबदार होतं. सिस्टरच्या हातांची ती ऊब असणार. त्यानं दाबलं.

"असं उलटं नाही जमायचं. जरा आडवा हो. हां. तोंडाकडं नको बघू, कोण म्हणतंय बघ म्हणून. पण छाती वर येते का ते बघायला लागतं."

"ते मी बघतो," म्हातारा कान्यांता म्हणाला. तो गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आला आणि दोन खाटांच्या फटीत एका कुल्ल्यावर बसला. "मला चालतं. माझ्या वयाला सगळं चालतं. दाब. आली वर. सोड. गेली. दाब."

सिस्टर जाता जाता सांगून गेली, ते तिनं त्या दिवसात दहाव्यांदा सांगितलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालेलं होतं: हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी भरलंय, सुईतून औषध दिलंय, पाणी लघवीवाटे उतरेल. उतरेपर्यंत श्वास आपण द्यायचा. वर मशीन आहे, पण वर जागा नाही. जागा झाली की नेऊ.

जागा कशी होते ते सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. हा वॉर्ड तीस माणसांसाठी बांधला होता, आणि बांधला तेव्हा कुणीतरी रेशमी फीत कापली होती, टाळ्या झाल्या होत्या. आता आत नव्वद होती. खाटांवर, खाटांखाली, बाकांवर. आणि एक खाणकामगार दाराशी चाकाच्या खुर्चीत, सलाइनची बाटली स्वतःच उंच धरून. सगळ्या जगाच्या भिंतींमधून इथल्या तांब्याच्या तारा गेल्यात, आणि इथल्या भिंतीत तीन बटणांपैकी एक चालायचं. मोठी माणसं आजारी पडली की विमानात बसतात. बाकीच्यांना दोन हात दिलेत देवानं, त्यांनी फुगा दाबावा. एक-दोन-तीन-चार. चिसांगाला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण रागात आकडे भरभर पडायला लागले, तसा म्हातारा म्हणाला, "हळू. बस पकडायचीय का तुला?" मग त्यानं राग बाजूला ठेवला. असं काही बाजूला ठेवायची त्याला सवय होती. शिंप्याला असतेच. गिऱ्हाईक ढेरी आत ओढून माप देतं, आणि आपण मान डोलावून दोन बोटं जास्तच कापतो.

पायांवरून तो तिला ओळखत होता. नऊ वर्षं मान खाली घालून वावरल्यावर दुसरं काय दिसणार? उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं. टाचा भेगाळलेल्या, पण रोज दगडानं घासलेल्या. बाजारात मासळीच्या गल्लीत ती वाळवलेली कापेंटा, बोटभर मासळी, विकायची आणि त्याचं शिलाईचं मशीन तिथून दोन गल्ल्या पलीकडं होतं. गल्लीच्या तोंडाशी ते पाय दिसले की तो कापडाच्या ठाणामागं जायचा, नाहीतर काहीतरी पडल्यासारखं करून खाली वाकायचा. तीही तशीच. खोकायची, आपण येतोय हे कळावं म्हणून. तिच्या खोकल्याचे प्रकार त्याला पाठ होते. एक वाटेवरचा, एक दाराआडचा. एक होता तो कालुबाला, त्याच्या बायकोला, हाक मारण्याऐवजीचा. दर शनिवारी शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याच्या पाल्याची भाजी यायची, झाकलेल्या भांड्यात, कुणातरी पोराच्या हाती. भाजी चांगली असायची. पण चांगली भाजी म्हणजे होकार नव्हे. कुत्र्यालाही चांगलंच घालायची ती.

थोरल्या जावयाला तिनं तिसऱ्याच वर्षी घरात घेतलं होतं. तो सोलवेझीच्या खाणीत मुकादम. बायका डोक्यावर भांडी घेऊन गात आल्या, आंगण सारवलेलं. एकेक झाकण उघडून त्याला दाखवलं, हे खा, हे सासरचं, आता तू आतला. मग त्यानं सासूसमोर बसून कोंबडी खाल्ली, तिच्याशी बोलला, हसला. चिसांगा त्या वेळी बाहेर खुर्च्या लावत होता. आपली पाळी येईल असं त्याला वाटलं. मग सासरे गेले, वर्षभर सुतक. मग पाऊस पडला नाही. मग काहीच कारण उरलं नाही आणि तरी वर्षं जातच राहिली. त्यानं कालुबाला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "आईच्या मनात कधी काय असतं, ते आईलाच ठाऊक." हे कालुबा कुणाच्या बाजूनं बोलली ते त्याला आजवर कळलेलं नाही. तो लुआपुलाचा, मासळीच्या मुलखातला, शिंपी, मशीन एकच. आणि ती मासळीच विकणारी. मासळीवाल्यांना मासळीचा वास आवडत नसतो.

"आली. गेली. आली," म्हातारा म्हणत होता. "जरा कमी आली. जोरात."

आणि माप. हेच आतून सारखं वर येत होतं, पाण्यात दाबून धरलेल्या चेंडूसारखं. सासूचे सगळे कपडे चिसांगाच शिवायचा, तिला न बघता. कालुबा टेप घेऊन आईकडं जायची आणि कागदावर आकडे आणायची: खांदा, छाती, कंबर, बाही, घेर. त्या आकड्यांतून त्यानं नऊ वर्षं एक बाई उभी केली होती. गेल्या नाताळच्या कागदावर खांदा दोन बोटं उतरला होता आणि कंबर चार बोटं वाढली होती. माणूस सुटतं तेव्हा सगळीकडून सुटतं. खांद्याला वाळून पोटाला वाढत नाही. त्यानं पंचवीस वर्षं माणसं मापलीत, त्याला हे डॉक्टरआधी कळायला हवं होतं, आणि कळलंच होतं. शिवाय पाय. जूनमध्ये चपलेचा पट्टा मांसात रुतायला लागला. ऑगस्टात पट्टा कापून दोरी बांधलेली दिसली. दुभंगलेलं नख सुजेत बुडून गेलं. त्या रात्री तो कालुबाला म्हणाला होता, "तुझ्या आईचे पाय सुजलेत." ती भाजी निवडत होती. हात थांबवून तिनं त्याच्याकडं बघितलं. "तू माझ्या आईच्या पायांकडं बघतोस?" ती रागावली नव्हती, नुसती चकित झाली होती, आणि त्यानंच तो मेल्यासारखा झाला. पुन्हा बोलला नाही. नवीन पोलक्याला कंबरेत चार बोटं वाढवून आत शिवणीला भरपूर माया ठेवली, आणि गप्प बसला. आबरू राखली. सगळ्यांची आबरू राहिली आणि तिच्या अंगात पाणी चढत राहिलं, घोटा, पोटरी, कंबर, छाती, एखाद्या घरात तळमजल्यापासून चढतं तसं. आज सकाळी मासळीच्या टोपलीवर ती आडवी झाली तेव्हा लोक त्याला बोलवायला आले, कारण कालुबा सोलवेझीला बहिणीकडं गेलेली. टॅक्सीत शेजारणीनं तिला मागं धरलं आणि हा पुढं बसला, समोरच्या काचेतून सरळ बघत. मागून तो आवाज येत होता, चिखलात पाय रुतून निघावा तसा, प्रत्येक श्वासाला. ड्रायव्हरनं आरसा तिरका केला तर यानं डोळे मिटले.

दुपारी म्हाताऱ्याच्या बायकोला एक्स-रेचा फोटो काढायला नेलं, आणि म्हाताराही ढकलगाडीमागं गेला. "आता तूच बघ," म्हणाला. "तोंड सोडून बघ. छातीला तोंड नसतं."

मग चिसांगानं बघितलं. आधी खाटेचा पाय, मग चादरीची कड. मग पोलकं. मधून कापलेलं, दोन्ही पदर बाजूला पडलेले, वरून कुणीतरी चितेंगे, कंबरेला गुंडाळायचं छापील कापड, पांघरवलेलं, हिरवं, मोरांचं. चितेंगे त्याच्या हातासरशी वर यायचं आणि खाली बसायचं, मोर फुगायचे आणि बसायचे. आपण दाबल्यावर एक माणूस वर येतं, हे त्याच्या हातांना आत्ता कळलं. त्याच्या मशीनवर पाय दाबला की चाक फिरतं तसं हे नव्हतं. चाक थांबलं तर कापड वाट बघतं.

सिस्टर जेरे आली आणि खाली वाकून लघवीची पिशवी उचलून उजेडात धरली. "बघा, जावईबापू. दीड लिटर. ही झाली कमाई."

"मला नका दाखवू," तो कळवळून म्हणाला.

"का? दारू आहे का? अरे, सोनं आहे हे. एवढं पाणी छातीवर घेऊन ही बाई मासळी विकत होती." मग ती खाटेच्या डोक्याकडं गेली, पापणी वर करून उजेड टाकला, नळीची पट्टी चाचपली. परत पापण्यांकडं बघून ती म्हणाली, "गंमत आहे. हिला जाग आलीय."

"काय?"

"झोपेचं औषध उतरलं असणार. बोट दाबलं तर दाबते. पण डोळे गच्च मिटून घेतलेत. झोपलेल्या माणसाच्या पापण्यांना सुरकुत्या पडत नाहीत." तिनं आवाज उतरवला. "तू आहेस म्हणून लाजतेय."

चिसांगाचा हात चुकला. पाच झाले, सहा झाले. "मोज," सिस्टर म्हणाली, आणि त्यानं मोजलं. कान तापले होते. म्हणजे हे सगळं तिला ठाऊक होतं. कात्री, कापलेलं पोलकं, पिशवी, आणि हा दुसरा जावई, आत न घेतलेला, घशातल्या नळीच्या टोकाशी उभा. कुणी मरायला टेकलेलं असताना लाजेल का? पण ती तशीच होती. मेली तरी आधी पदर सारखा करून मरेल. त्याला एकाएकी तिचं भयंकर कौतुक वाटलं, आणि हसूही आलं.

तीनच्या सुमाराला तो पोरसवदा डॉक्टर आला. त्याच्या बुटांवर वाळलेलं रक्त होतं. "वर एक जागा झालीय," तो म्हणाला, आणि चिसांगाला जो आनंद झाला त्याची त्याला लगेच लाज वाटली. कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा आता पांढऱ्या चादरीत असणार. पण डॉक्टर जात नव्हता. "एक मुलगी आलीय, एकोणीस वर्षांची. बाळंतपणात फार रक्त गेलंय. तिला हातानं चालणार नाही. तुमच्या आईंना..." त्यानं चिसांगाच्या हातांकडं बघितलं. "तुम्हाला अजून जमेल का?"

त्या मुलीची ढकलगाडी त्यांच्याच खाटेला घासून गेली. मान खालीच असल्यामुळं चिसांगाला तिचे पाय दिसले, चादरीबाहेर आलेले, नखांना गुलाबी रंग लावलेला, लग्नाला लावतात तसा. हिच्या पायांत काही चूक नव्हती. पाय सगळे चांगले होते. त्याला ओरडायचं होतं की आम्ही सकाळपासून रांगेत आहोत, की जागा एकच का, वर अजून दोन मशीनं बंद पडलीत असं सकाळी दाराशी दोघे बोलत होते, त्यांचा कुठला भाग कुणी विकत आणायचा होता, आणि तो माणूस आता कुठं जेवतोय. ते सगळं तो बोललाही, चांगल्या मोठ्या आवाजात, चार-चार आकड्यांच्या मधल्या जागेत. डॉक्टरनं मान हलवली. सगळं खरं होतं.

"जमेल," चिसांगा शेवटी म्हणाला. "न्या तिला."

बोटं आता त्याची राहिली नव्हती. अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक तार ताणली होती आणि प्रत्येक दाबण्याला ती झणझणायची. म्हातारा कान्यांता परत आला होता. बायकोला आता वेगळी खाट मिळाली होती, आणि त्यात त्याला विजय वाटत होता. "मी दाबू का थोडं?" त्यानं विचारलं. चिसांगानं नाही म्हटलं. का म्हटलं ते त्याला सांगता आलं नसतं. हे दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं. नऊ वर्षांत त्याला तिच्या घरातलं काही धरायला मिळालं नव्हतं.

मग तो भिंतीकडं वळला, हात तसेच ठेवून, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"आई," तो म्हणाला. "मी बघत नाहीये. भिंतीकडं तोंड आहे माझं. तुम्ही निवांत श्वास घ्या." एक-दोन-तीन-चार. "नाताळातच मला कळलं होतं. खांदा उतरला, कंबर वाढली. पायही बघितले मी. मी बोलायला हवं होतं. तुम्हाला राग आला असता तर येऊ द्यायचा होता." एक-दोन-तीन-चार. "घरात नाही घेतलंत तरी चालेल. पण पुढच्या वेळी माप मी स्वतः घेणार. डोळे बांधून घेईन."

म्हातारा खाकरला आणि उगीच स्वतःच्या चपला शोधू लागला.

त्याच वेळी फुग्यात काहीतरी झालं. त्यानं दाबायच्या आधीच रबर आत ओढलं गेलं, इवलंसं, मासा गळाला तोंड लावून बघतो तेवढं. त्याला वाटलं, हातच घसरला. त्यानं दाबलं तर ते अडलं, पलीकडून कुणीतरी नको म्हटल्यासारखं, आणि फुग्याच्या झडपेतून कर्कश शिटी वाजली. "सिस्टर," तो ओरडला, "अडकलं काहीतरी."

सिस्टर जेरे दोन खाटा ओलांडून आली. तिनं फुग्यावर, त्याच्या हातांवर हात ठेवला, कान लावावा तसा. तिच्या तळहाताला जंतुनाशकाचा वास येत होता. "अडकलं नाही," ती म्हणाली. "ती स्वतः ओढतेय. तू तिच्या आडवा जातोयस. आता मोजू नको. ती ओढेल तेव्हा तू दाब. ती थांबली की थांब. ती पुढं, तू मागं."

मोजणं सोडणं सगळ्यात अवघड होतं. आकडे तोंडातून जात नव्हते. मग हळूहळू त्याला ते सापडलं: ओढ यायची, अशक्त, वाकडीतिकडी, कधी लवकर कधी उशिरा, आणि तो तिच्या मागं जायचा, दाब द्यायचा, वाट बघायचा. एकदा ती इतकी लांबली की त्याचं स्वतःचं छातीचं यंत्र बंद पडलं. मग आली. अशा चालीनं चालणारी बाई त्यानं गल्लीत हजारदा बघितली होती, ठाणामागून, फक्त पायांपुरती.

"असंच राहिलं तर रात्री नळी काढतील," सिस्टर जेरे म्हणाली. ती खाटेच्या डोक्याशी थांबली होती, आणि आपली अठ्ठावीस माणसं ती थोडा वेळ विसरली होती. मग ती काहीतरी बघून खुदकन हसली आणि चिसांगाकडं वाकून म्हणाली, "उघडले. डोळे उघडलेत तिनं. टक लावून तुझ्याकडंच बघतेय, अगदी पायांपासून डोक्यापर्यंत."

"वळू नकोस," म्हातारा कान्यांता म्हणाला.

"वळत नाही," चिसांगा म्हणाला. त्यानं भिंतीवरची नजर हलू दिली नाही. हातांत ओढ आली आणि त्यानं फुगा दाबला. "बघू दे त्यांना."